बाळंतपणानंतर स्तनांचा आकार का बदलतो आणि पुढे काय करता येतं

तुमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे आणि अजून अंगावर पितं. स्तन पूर्वीपेक्षा ओघळलेले दिसतात, उजवा डाव्याहून मोठा झालाय आणि मैत्रिणी सांगतात की लवकर दूध तोड, नाहीतर आकार कायमचा जाईल. दुसरं मूलही हवं आहे. ऑपरेशनशिवाय काही उपाय आहे का, असं तुम्ही विचारलंत आणि शेवटी लिहिलंत की हे विचारायलाच लाज वाटते.

लाजेचं आधी बोलते. मी प्लास्टिक सर्जन आहे, बाळंतपणानंतर नेमकी हीच तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांना बरीच वर्षं तपासते आहे. त्यातल्या बहुतेक जणी पहिली पाच मिनिटं पाठदुखीबद्दल बोलतात आणि मग हळूच मूळ विषयावर येतात. ज्या शरीराने एक जीव वाढवला, त्या शरीरात काय बदललं हे जाणून घ्यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आकार बदलल्याचं वाईट वाटतं म्हणून बाळावरचं प्रेम कमी ठरत नाही.

आता थेट उत्तर. आकार टिकवण्यासाठी दूध तोडू नका, त्याने काही वाचत नाही. स्तन बदलतात ते मुख्यतः गरोदरपणामुळे, आणि तो बदल बाळाने पहिला घोट घेण्याआधीच झालेला असतो. दुसरं म्हणजे तुम्ही आज आरशात जे पाहताय ते अंतिम चित्र नाही, त्यामुळे आज कुठलाही निर्णय घेऊ नका.

हे पटण्यासाठी आत काय घडतं ते थोडं सविस्तर समजून घ्यायला हवं. स्तनात स्नायू नसतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, दुधाच्या नळ्या, त्यांच्याभोवतीची चरबी आणि हे सगळं त्वचेला व छातीच्या भिंतीला जोडून धरणारे तंतूंचे पातळ पट्टे, एवढीच सामग्री. या पट्ट्यांना कूपरचे बंध म्हणतात, कारण इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये त्यांचं वर्णन केलं. स्तनाचा भार पेलतात ते हे बंध आणि त्वचा. दोन्ही ताणले जातात, पण ताण गेल्यावर पूर्ण पूर्ववत होतीलच असं नाही.

गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे नळ्यांना फांद्या फुटायला लागतात आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे त्यांच्या टोकांना दुधाच्या बारीक पिशव्यांचे घोस धरतात. पाळी चुकल्याचं लक्षात येण्याआधीच काहींना छाती जड आणि हुळहुळी वाटते, ती याच कारणाने. रक्तपुरवठा जवळपास दुप्पट होतो, म्हणून त्वचेखालच्या निळ्या शिरा उठून दिसतात. निपलभोवतीचं वर्तुळ रुंद आणि गडद होतं, त्यावरच्या बारीक पुटकुळ्या ठळक होतात. त्या पुटकुळ्या म्हणजे तेलकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी, त्या फोडायच्या नाहीत. गरोदरपणाच्या मध्यापर्यंत स्तन चीक तयार करायला सज्ज झालेला असतो. म्हणजे ज्या स्त्रीने बाळाला एकदाही पाजलं नाही, तिच्याही ग्रंथी वाढलेल्या असतात, त्वचा ताणलेली असते आणि बंध सैलावलेले असतात.

मग पान्हा फुटतो. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं, दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळं रान मिळतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती दाटून येते. हा दाटलेला आकार बऱ्याच जणींच्या लक्षात राहतो आणि नंतरची तुलना नकळत त्याच्याशी होते. तुलना करायचीच तर गरोदरपणाआधीच्या आकाराशी करा. अंगावर पाजण्याच्या काळात स्तनातला ग्रंथींचा भाग चरबीच्या साधारण दुप्पट असतो. काही महिन्यांनी दूध बाळाच्या गरजेशी जुळतं तेव्हा दाटणं थांबतं आणि स्तन मऊ पडतात. ‘दूध आटलं’ या भीतीने नेमक्या याच टप्प्यावर अनेकींचं पाजणं सुटतं. स्तन मऊ पडले म्हणजे दूध कमी झालं असं नाही. बाळाचं वजन नीट वाढत असेल तर काळजीचं कारण नाही.

तुमचे स्तन ‘रिकामे’ होण्याचा खरा टप्पा दूध सुटल्यावर येईल. दूध काढून घेतलं जाईनासं झालं की दूध बनवणाऱ्या पेशी ठरलेल्या क्रमाने मरतात, शरीर त्यांची साफसफाई करतं आणि त्या जागी हळूहळू पुन्हा चरबी भरते. यातली मेख अशी की ग्रंथी आधी आक्रसतात आणि चरबी सावकाश येते. मधल्या काळात स्तन उशीतला कापूस काढून घेतल्यावर अभ्रा दिसावा तसे दिसतात. दूध सुटल्यावर दोन महिन्यांनी रडकुंडीला आलेली बाई आठ महिन्यांनी पाहिली की फरक स्पष्ट जाणवतो. सगळं परत येतं असं मी म्हणत नाही. काहींची चरबी पुरेशी भरते, काहींची कमी भरते, थोडक्या जणींचे स्तन आधीपेक्षा मोठेही राहतात. म्हणून दूध पूर्ण बंद झाल्यावर साधारण सहा महिने थांबायला सांगते. तोवर मोजमाप, ऑपरेशनची चर्चा किंवा महागड्या ब्राची खरेदी नको.

मैत्रिणींच्या सल्ल्याबद्दल. २००८ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी एक अभ्यास प्रसिद्ध केला. निदान एकदा गरोदर राहिलेल्या आणि स्तनांच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ९३ स्त्रियांचा त्यांनी विचार केला. अंगावर पाजल्याचा, किंवा किती महिने पाजलं याचा, स्तन ओघळण्याशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो वाढत्या वयाशी, वजनाशी, गरोदरपणांच्या संख्येशी, आधीच्या मोठ्या मापाशी आणि धूम्रपानाशी. अभ्यास छोटा आहे आणि ऑपरेशनसाठी आलेल्या बायकांचा आहे, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द समजू नये. पण तपासणीच्या खोलीत मला दिसतं तेही याच्याशी जुळतं: अजिबात न पाजलेल्या आणि दोन वर्षं पाजलेल्या आयांचे स्तन समोर ठेवले तर कुणी पाजलं हे आकारावरून सांगता येत नाही.

उलट पाजण्याचा फायदा तुम्हालाच आहे. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा पाजण्याच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी कमी होताना दिसला. प्रत्येक बाळंतपणामुळे दीर्घकाळात मिळणारं संरक्षण वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. ज्यांना हे जमत नाही त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पण जमत असताना केवळ आकाराच्या भीतीने कुणी थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

उजवा-डावा फरक हा बहुधा सवयीचा मामला असतो. बाळाला एक बाजू आवडते, किंवा तुम्हाला एका हातावर धरणं सोपं जातं, आणि ज्या बाजूचं दूध जास्त काढलं जातं ती बाजू जास्त बनवते. काही दिवस प्रत्येक वेळी लहान बाजूने सुरुवात करा आणि हवं तर त्या बाजूने एखाद्या वेळी जास्तीचं पाजा. मोठ्या बाजूला उपाशी ठेवू नका, दूध साठून गाठी होतील. दूध सुटल्यावर हा फरक बहुतेकींचा बराच मिटतो. पूर्ण सारखे स्तन मात्र गरोदरपणाआधीही फारशा कुणाचे नसतात.

दूध सोडवायची वेळ येईल तेव्हा सावकाश सोडवा, दर काही दिवसांनी एकेक वेळ कमी करत. छाती फडक्याने करकचून बांधायची पद्धत पूर्णपणे सोडून द्या. त्याने दूध लवकर आटत नाही, दुखणं आणि सूज मात्र येते. छाती फार दाटली तर बरं वाटेल इतपतच दूध हाताने काढा, वरून गार पट्ट्या ठेवा. सोडल्यानंतर काही महिने दाबल्यावर थेंब येत राहिले तर घाबरू नका, आणि ‘अजून येतं का’ म्हणून रोज दाबूनही पाहू नका.

ऑपरेशनशिवायच्या उपायांचं सांगायचं तर क्रीम, तेलं, मालिश, ओढून धरणारे पंप यांपैकी कशानेही ताणलेले बंध आखडत नाहीत. व्यायामाने स्तन वर जात नाहीत, कारण आत स्नायू नाही. मात्र स्तनामागचा छातीचा स्नायू आणि पाठ मजबूत झाली की खांदे मागे जातात, उभं राहणं सुधारतं आणि दिसण्यात खरोखर फरक पडतो. बाळाला घेऊन तासन्‌तास पुढे वाकलेल्या आईला हे दोन्ही हवंच असतं. ब्रा ओघळणं कायमचं रोखते असा पुरावा नाही, रात्री घालून झोपल्याने काही वाचत नाही. पण चालता-पळताना नीट आधार देणारी ब्रा दुखणं खूप कमी करते. दूध सुटल्यावर माप नव्याने घ्या. निम्म्याहून जास्त तक्रार चुकीच्या मापाची होती, असं मापाची ब्रा घालून परत आलेल्या बायका स्वतःच सांगतात. वजनाच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच की ते सारखं वर-खाली होऊ देऊ नका. दर चढ-उतारात त्वचा पुन्हा ताणली जाते.

त्वचेवरच्या लाल-जांभळ्या रेषा वर्ष-दीड वर्षात फिकट, चंदेरी होतात, जात नाहीत. वर्तुळाचा गडदपणा उतरतो, पण पूर्ण नाही. रेषांसाठीची ट्रेटिनॉइनसारखी मलमं गरोदरपणात वापरायची नाहीत, आणि पाजत असताना स्तनाला लावायची नाहीत, कारण ती बाळाच्या तोंडात जातात.

ऑपरेशनाकडे वळण्याआधी एक गोष्ट, जी आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. पाजणाऱ्या स्तनात गाठी लागतच असतात, आणि म्हणूनच खरी गाठ दुर्लक्षित राहते. बाळंतपणानंतरची काही वर्षं स्तनाच्या कर्करोगाचा धोका तात्पुरता थोडा वाढलेला असतो. तरुण वयात तो मुळातच कमी असतो, म्हणून धास्ती नको, पण डोळेझाकही नको. दुधाची गाठ पाजल्यावर लहान होते आणि थोड्या दिवसांत मावळते. जी गाठ आठवड्याभरात मावळत नाही, ती दाखवा. निपल नव्याने आत ओढला गेला, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली, एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव सतत येतोय, औषध घेऊनही लाली उतरत नाही, यातलं काहीही असेल तर लगेच. पाजत असताना सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी दोन्ही सुरक्षित आहेत, दूध तोडावं लागत नाही. जाण्याआधी बाळाला पाजून स्तन मोकळे करा म्हणजे चित्र स्पष्ट येतं. ‘दुधाचीच गाठ असेल, पाजणं थांबलं की बघू’ हे उत्तर कुणी दिलं तर ते स्वीकारू नका, दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

सहा महिने थांबूनही आकार खुपत असेल तर आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो. आरशासमोर ब्राशिवाय सरळ उभ्या राहा आणि स्तनाखालच्या चुणीत बोट आडवं ठेवा. निपल त्या बोटाच्या पातळीच्या वर असेल तर स्तन उतरलेला नाही, आतलं भरण कमी झालंय. निपल बोटाच्या पातळीला असेल तर ओघळणं सौम्य, पातळीखाली गेलं असेल तर मध्यम, आणि निपल स्तनाच्या अगदी खालच्या टोकाला जाऊन जमिनीकडे बघत असेल तर जास्त. प्लास्टिक सर्जन १९७६ पासून साधारण हीच विभागणी वापरतात. निपल जागेवर आणि फक्त खालचा भाग लोंबतोय असाही एक प्रकार असतो, पाजून झालेल्या आयांमध्ये तो बराच दिसतो.

भरण कमी आणि निपल वर, अशा वेळी इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची कृत्रिम पिशवी, किंवा स्वतःची चरबी हे दोन मार्ग. निपल खाली गेलं असेल तर लिफ्ट, म्हणजे जादा त्वचा काढून आतला भाग वर बसवणं आणि निपल वर सरकवणं. ओघळणं जितकं जास्त तितका व्रण लांब: कधी फक्त वर्तुळाभोवती, कधी तिथून खाली उभी रेघ, कधी त्याखाली चुणीत आडवी रेघही. हे व्रण वर्ष-दीड वर्षात फिके होतात, पण नाहीसे होत नाहीत. लिफ्टने स्तन मोठा होत नाही, उलट किंचित लहान वाटतो. ज्यांना भरणही हवं आणि उचलणंही हवं त्यांच्यात दोन्ही करतात. एकाच वेळी केलं तर पुन्हा दुरुस्तीची शक्यता वाढते, म्हणून काही जणींना मी दोन टप्पे सुचवते. ओघळलेल्या स्तनात लिफ्ट टाळण्यासाठी मोठं इम्प्लांट घालून ‘भरून काढायचं’, हा मार्ग मला मान्य नाही. थोड्या वर्षांत ते वजन आधीच सैल झालेली त्वचा आणखी खाली ओढतं.

इम्प्लांट १९६२ पासून वापरात आहेत, पण ती जन्मभरासाठी नसतात. भोवतीचं आवरण कडक होऊ शकतं, कवच फाटू शकतं, आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता धरूनच चालावं. सिलिकॉनची असतील तर ५-६ वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि नंतर दर २-३ वर्षांनी, अशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस आहे. मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, आढळतो. त्यामुळे २०१९ मध्ये असा एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. पृष्ठभाग कोणता, कंपनी कोणती, याचं कार्ड ऑपरेशननंतर मागून घ्या आणि जपून ठेवा. चरबी भरताना पोट-मांडीवरून ती काढून स्तनात टोचतात. एका वेळी माफकच वाढ मिळते, टोचलेल्यातला बराच भाग शरीर शोषून घेतं, आणि मागे राहिलेले तेलाचे फुगे किंवा चुन्याचे ठिपके मॅमोग्राफीत दिसू शकतात. पुढे तपासणी करणाऱ्याला ही गोष्ट आठवणीने सांगावी लागते.

बाळंतपणानंतर स्तन फार मोठे राहून मान-पाठ दुखते, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ उठतात, चुणीत सारखी पुरळ येते, अशांना स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनने जो आराम मिळतो तो मी पाहिलेल्या सगळ्या ऑपरेशनांत वरच्या क्रमांकाचा आहे. त्यांनी ‘हे तर दिसण्यासाठीचं’ म्हणून मागे राहू नये.

कुठल्याही ऑपरेशनात रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, निपलची संवेदना कमी होणं हे धोके आहेत. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये निपलचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे निदान चार आठवडे आधी आणि नंतरही ते पूर्ण बंद हवं. नंतरचे चार ते सहा आठवडे जड उचलता येत नाही, आणि लहान मूल म्हणजे जडच. कडेवर यायला हात पसरणाऱ्या मुलाला उचलायचं नाही, हे टाक्यांच्या दुखण्यापेक्षा अवघड जातं. घरात तेवढे दिवस मुलाला सांभाळणारं दुसरं माणूस ठरल्याशिवाय मी तारीख देत नाही.

तुम्हाला दुसरं मूल हवंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ते मूल होईपर्यंत आणि त्याचं दूध सुटून सहा महिने होईपर्यंत ऑपरेशन नको. पुढचं गरोदरपण त्वचा पुन्हा ताणेल आणि केलेल्या कामाचा बराच भाग पुसेल. शिवाय लिफ्टमध्ये किंवा स्तन लहान करताना ग्रंथी आणि नळ्या कापल्या जातात. निपलमागचा ग्रंथींचा सलग पट्टा राखला तर पाजण्याची शक्यता बरीच टिकते, पण खात्री कुणी देऊ शकत नाही. इम्प्लांट असलेल्या बहुतेक जणी पाजू शकतात, काप वर्तुळाच्या कडेऐवजी स्तनाखालच्या चुणीत घेतला तर अधिक चांगलं. हे वाचणाऱ्या कुणाचं ऑपरेशन आधीच झालेलं असेल तर गरोदरपणातच स्तनपान सल्लागाराला भेटा आणि पहिल्या आठवड्यांत बाळाचं वजन बारकाईने पाहा. गरोदरपणात स्तन मुळीच वाढले नाहीत, अशा स्त्रियांनीही तसंच करावं.

तूर्त तुम्ही लहान बाजूने पाजायला सुरुवात करा, आधार देणारी ब्रा घ्या, पाठीचे व्यायाम सुरू करा आणि बाळ पितंय तोवर पाजा. उजव्या स्तनात न मावळणारी गाठ हाताला लागत असेल तर मात्र या आठवड्यातच तपासून घ्या.